'सुरुवात' थीम : नवख्यांसाठी तयार पॅटर्न, इथवरचं काम

वर्डप्रेस (साइट बनवण्याचं सॉफ्टवेअर) पहिल्यांदाच उघडणाऱ्या माणसाच्या हातात देता येईल, इथवर 'सुरुवात' या थीमचं, म्हणजे साइटच्या तयार रूपाचं, काम आलं आहे. गेल्या वेळी रंग आणि फॉन्ट यांबद्दल लिहिलं होतं. या खेपेला पॅटर्न, म्हणजे पानाचे आधीच मांडून ठेवलेले नमुने, पुरे झाले, ओळखीतल्या काही जणांनी ते वापरून पाहिले, आणि त्यांच्या शेजारी बसून जे दिसलं त्यावरून थीममधलं बरंच काही मी काढून टाकलं. भर घालण्यापेक्षा या काढण्याचा उपयोग जास्त झाला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ही ब्लॉक थीम आहे, म्हणजे परिच्छेद, चित्र, बटण अशा सुट्या 'ब्लॉक'नी पान बनतं, पूर्ण मराठी, आणि क्लास घेणारे, घरून फराळाच्या ऑर्डरी घेणारे, ढोल-ताशा पथकं, छोटी वाचनालयं यांच्यासाठी केलेली. पुण्यात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांचा सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालतो आणि कोणी 'फी किती, वेळ काय' विचारलं की तोच मेसेज पुन्हा शोधून पाठवावा लागतो. चार पानांची साइट त्यांना खरंच उपयोगी पडते. वर्डप्रेस बसवणं आता अवघड नाही, बहुतेक होस्टिंगवाले ते एका बटणावर देतात. घोडं अडतं ते त्यानंतर, समोर कोरं पान उघडतं तेव्हा.

थीम ही सोय वर्डप्रेसमध्ये २००५ साली १.५ आवृत्तीबरोबर आली आणि 'कुब्रिक' ही तेव्हाची डिफॉल्ट थीम होती. २०१०च्या 'ट्वेंटी टेन'पासून डिफॉल्ट थीमना वर्षाचं नाव देण्याची पद्धत पडली. जानेवारी २०२२मध्ये ५.९ आवृत्तीबरोबर 'ट्वेंटी ट्वेंटी-टू' आली, ती पहिली डिफॉल्ट ब्लॉक थीम. मधल्या काळात बाजारात बहुउद्देशीय थीमचं पीक आलं. शेकडो डेमो, प्रत्येक गोष्टीला सेटिंग, आणि डेमोमध्ये व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेले मोठमोठे फोटो. नवख्या माणसाने ते फोटो काढून स्वतःचे टाकले की साइटची रयाच जाते, कारण डेमोचं देखणेपण फोटोंत होतं, मांडणीत नव्हतं. म्हणून 'सुरुवात'मध्ये एकही नमुना फोटो नाही. जे काही दिसतं ते अक्षर, रंग आणि मोकळी जागा यांवर उभं आहे. जिथे फोटोची जागा आहे तिथे इमेज ब्लॉकला ठरावीक गुणोत्तर लावलं आहे. ही सोय ६.३पासून मिळाली. त्यामुळे मोबाइलवर काढलेला उभा फोटो टाकला तरी मांडणी मोडत नाही.

माझं म्हणणं असं आहे : नवख्यासाठी तयार थीमचं पहिलं काम त्याच्या वतीने निर्णय घेण्याचं आहे. रूप नंतर. ज्याला अजून मुखपृष्ठावर काय लिहावं हे ठरवायचंय, त्याला बटणाच्या कोपऱ्यांची गोलाई किती पिक्सेल हे विचारू नये.

थीमची सेटिंग ज्यात असतात त्या थीम.जेसन (theme.json) फाइलमध्ये याची उत्तम सोय आहे. ५.८ आवृत्तीपासून ही फाइल आहे, आणि तिच्याकडे आपण बहुतेक वेळा सोयी सुरू करण्याची जागा म्हणून पाहतो. मी ती बंद करण्यासाठी वापरली. मनाजोगता रंग निवडणं बंद, ग्रेडियंट बंद, वर्डप्रेसची स्वतःची रंगपेटी बंद, अक्षराचा आकार आकड्यात टाकणं बंद. उरले पाच रंग आणि चार आकार. रंगांचे तीन संच स्टाइल्स फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलींत आहेत : 'गेरू', 'शाई' आणि 'झेंडू'. एका क्लिकवर संच बदलतो आणि कुठलाही संच घेतला तरी अक्षरं वाचता येतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ : १ असावा, हा सुगम्यतेचा निकष प्रत्येक जोडीला लावून पाहिला. झेंडूचा केशरी रंग पांढऱ्या अक्षरांखाली या निकषात बसत नाही, म्हणून त्यावर सगळीकडे गडद तपकिरी अक्षरं आहेत.

पॅटर्नना 'कंटेंट ओन्ली' प्रकारचं कुलूप लावलं आहे. मजकूर आणि चित्र बदलता येतं, कॉलम सरकवता किंवा चुकून पुसता येत नाही. ज्याला खोलात जायचंय तो हे कुलूप काढू शकतो, पण ते मुद्दाम काढावं लागतं. पथकाच्या साइटसाठी एक दादा आणि त्याच्याबरोबरची कॉलेजची मुलं बसली होती. त्यांनी अर्ध्या तासात नोंदणीचं पान उभं केलं आणि मांडणीला कोणाचाही धक्का लागला नाही. नदीपात्रात सराव सुरू होण्याआधी नोंदणीचं पान हवं, एवढीच त्यांची मागणी होती.

आता नमुना मजकुराबद्दल. या खेपेत सर्वांत जास्त वेळ यातच गेला, आणि तो गेल्याचं समाधान आहे.

आधी पॅटर्नमध्ये व्यवस्थित मराठी वाक्यं लिहून ठेवली होती. 'आमच्याकडे घरगुती चवीचे पदार्थ प्रेमाने बनवले जातात' वगैरे. सहकारनगरच्या एका काकूंनी फराळाची साइट करायला घेतली. त्यांनी पान उघडलं, वाक्य वाचलं आणि म्हणाल्या, "छान लिहिलंय की रे. राहू दे असंच." मी विचारलं, "काकू, पण यात तुमचं काय आहे?" तर त्या हसून म्हणाल्या, "चकली. भाजणी मी स्वतः भाजते, ते कुठे लिहू?" त्यांच्या साइटवर लिहायचं नेमकं तेच होतं आणि माझं तयार वाक्य त्याच्या वाटेत उभं होतं.

मग सगळी वाक्यं काढली आणि त्या जागी प्रश्न ठेवले. 'तुमचा कोणता पदार्थ लोक पुन्हा मागवतात?' 'किती दिवस आधी ऑर्डर द्यावी लागते?' 'घरपोच देता की लोकांनी न्यायला यायचं?' तबल्याच्या क्लासला 'कितव्या वर्षापासून शिकवता?', 'स्वतःचा तबला लागतो का?', 'परीक्षेला बसवता का?'. प्रश्न समोर असला की माणूस उत्तर देतो. कोथरूडच्या एका तबल्याच्या सरांनी 'लिहिणं आपल्याला जमत नाही' म्हणता म्हणता पानभर मजकूर लिहिला, आणि तो सुरेख आहे. त्यांच्या शिकवण्यातला जिव्हाळा त्यात जसाच्या तसा उतरला आहे.

यात तांत्रिक अडचण अशी होती की उत्तर न दिलेला प्रश्न साइटवर तसाच छापला जाईल. त्यावर उपाय ब्लॉकमध्येच आहे. परिच्छेद आणि शीर्षक या दोन्ही ब्लॉकना 'प्लेसहोल्डर' देता येतो. तो फक्त एडिटरमध्ये फिकट दिसतो, साइटवर येत नाही. रिकामा परिच्छेद मात्र रिकामी जागा धरून बसतो, म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे दिसण्याच्या नियमांच्या फाइलीत, रिकाम्या परिच्छेदाला लपवणारी एक ओळ टाकली. आता पाचातल्या दोनच प्रश्नांची उत्तरं दिली तरी पान पूर्ण वाटतं.

हाच धागा संपर्काच्या पॅटर्नमध्येही आला. फोन नंबर लिंकसह दिला की लोक दिसणारा आकडा बदलतात आणि मागची लिंक जुनीच राहते. म्हणून नंबर साध्या मजकुरात ठेवला. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांसाठी सोशल आयकॉनचा ब्लॉक वापरला, कारण त्यात लिंक भरली नसेल तर ते चिन्ह साइटवर उमटतच नाही. पत्त्यामध्ये 'जवळची खूण' अशी वेगळी ओळ दिली. नळस्टॉप किंवा शनिपार असं काही लिहिल्याशिवाय पुण्यात पत्ता सांगून होत नाही. वेळापत्रकात प्रत्येक वाराला सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने आहेत. बाहेरच्या बहुतेक थीममध्ये 'नऊ ते पाच' असा एकच रकाना असतो, आणि दुपारी बंद ठेवणाऱ्या माणसाला तो उपयोगाचा नाही.

मुखपृष्ठाचा पेच बऱ्याच जणांना पडला असेल, म्हणून सविस्तर लिहितो. थीममध्ये फ्रंट-पेज टेम्पलेट (मुखपृष्ठाचा साचा) दिलं की थीम चालू करताक्षणी मुखपृष्ठ तयार दिसतं. नवख्याला ते फार आवडतं. पण मग मजकूर टेम्पलेटमध्ये राहतो, आणि तो बदलायला साइट एडिटरमध्ये, म्हणजे साचे बदलण्याच्या वेगळ्या जागी, जावं लागतं. काकू 'पेजेस'मध्ये मुखपृष्ठ शोधत होत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं, पान असेल तर ते पानांच्या यादीत सापडायला हवं. वर्डप्रेस ४.७मध्ये आलेली 'स्टार्टर कंटेंट'ची, म्हणजे नव्या साइटवर नमुना मजकूर दाखवण्याची, सोय कस्टमायझर या जुन्या धाटणीच्या सेटिंगच्या पडद्यावर अवलंबून आहे, ब्लॉक थीमला तिचा उपयोग नाही. शेवटी फ्रंट-पेज टेम्पलेट काढूनच टाकलं. त्याऐवजी पॅटर्नना 'पोस्ट कंटेंट' (पानाचा मुख्य मजकूर) या ब्लॉक प्रकाराशी जोडलं. नवीन पेज काढलं की लगेच खिडकी उघडते आणि 'क्लास', 'फराळ', 'पथक', 'वाचनालय' असे पूर्ण पानाचे पर्याय समोर येतात. एक निवडायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, प्रसिद्ध करायचं. वाचन सेटिंगमध्ये जाऊन ते मुखपृष्ठ म्हणून नेमण्याची एक पायरी वाढली, पण मजकूर शोधावा लागत नाही.

पॅटर्न करणाऱ्यांसाठी एक सूचना : टेम्पलेटच्या एचटीएमएल फाइलीत भाषांतर होऊ शकणारा मजकूर लिहिता येत नाही. त्यामुळे एकूण एक शब्द पॅटर्नच्या पीएचपी फाइलींत ठेवा आणि टेम्पलेटमधून पॅटर्नला बोलवा. ६.०पासून पॅटर्न्स फोल्डरमधल्या फाइली आपोआप नोंदल्या जातात, वेगळा कोड लागत नाही.

देवनागरीसाठी केलेले बदल आता स्थिर झाले आहेत. मजकुराला 'मुक्ता', शीर्षकांना 'तिरो देवनागरी मराठी'. दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत आणि थीमच्या फोल्डरमधूनच येतात. 'तिरो'मध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात, ते पाहून दर वेळी बरं वाटतं. त्यात ठळक वजन (जाड अक्षर) नाही, म्हणून शीर्षकं साध्या वजनात पण मोठ्या आकारात ठेवली, नाहीतर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करून त्याचा डौल घालवतो. ओळींमधलं अंतर १.७५ केलं, कारण वरची वेलांटी आणि खालचा उकार यांना तेवढी जागा लागते. अक्षरांमधलं अंतर शून्य, आणि ते बदलण्याचं सेटिंग बंद. ते वाढवलं की शिरोरेखा तुटते. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याची सोयही बंद केली. 'स्व'सारखं जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोड या अक्षरांच्या प्रमाणकात २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. जुन्या ब्राउझरमध्ये 'स्' मोठा आणि 'व' लहान दिसू शकतो.

तारखेत महिन्याचं नाव मराठीत येतं, आकडे मात्र इंग्रजी. ते बदलायला तारीख देणाऱ्या फंक्शनवरच फिल्टर (त्याचं उत्तर वाटेत बदलणारा कोड) लावण्याचा मोह होतो. तसं करू नका. तारखेचा ब्लॉक तेच फंक्शन यंत्रांनी वाचायच्या तारखेसाठीही वापरतो, आणि तिथे देवनागरी आकडे गेले की ती तारीख निरर्थक ठरते. ब्लॉक तयार झाल्यावर फक्त दिसणाऱ्या मजकुरातले आकडे बदलणं सुरक्षित आहे.

मोबाइलवरच्या मेनूला तीन रेघांऐवजी 'मेनू' हा शब्द दिला. नेव्हिगेशन ब्लॉकमध्ये ते सेटिंग आधीपासून आहे. काकूंना तीन रेघा म्हणजे नक्षी वाटली होती. शब्द दिसताच त्यांनी तो दाबला.

थीमच्या हातात नसलेली एक गोष्ट मदतीच्या पानावर लिहिली. मराठी शीर्षकावरून बनणारा पानाचा दुवा (लिंक) २०० बाइटपाशी कापला जातो आणि प्रत्येक देवनागरी चिन्हाला त्यात ९ बाइट लागतात. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे २२ चिन्हांच्या आत खेळ आटोपतो. 'उन्हाळी सुट्टीतील तबला शिबिर' या शीर्षकाचा दुवा 'तबला'नंतरच्या 'श'वर तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ दिसते. दुवा रोमन अक्षरांत एक-दोन शब्दांचा ठेवावा, असं पहिल्याच ओळीत सांगितलं आहे.

फी भरण्याची सोय, ऑर्डरचा फॉर्म, कार्यक्रमांची दिनदर्शिका यांतलं काही थीममध्ये घालणार नाही. थीम बदलली की माणसाची माहिती नाहीशी होता कामा नये, ती कामं प्लगइनची, म्हणजे वेगळ्या जोडता येणाऱ्या सोयींची, आहेत. वेळापत्रकही म्हणूनच साध्या टेबल ब्लॉकमध्ये केलं आहे.

पुढचं काम वाचनालयाच्या पॅटर्नचं. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या वाचनालयाला नवीन पुस्तकांची यादी दर महिन्याला टाकायची आहे, आणि ती टाकणाऱ्या ताई कॉम्प्युटरवर नाही, फोनवरच काम करतात. फोनवरच्या ब्राउझरमध्ये ब्लॉक एडिटर उघडून टेबल भरणं जिकिरीचं आहे. त्यामुळे प्रत्येक पुस्तक ही एक छोटी पोस्ट आणि यादी पोस्ट आपोआप मांडणाऱ्या क्वेरी लूप ब्लॉकने, असा प्रयोग चालू आहे. वर्डप्रेस प्लेग्राउंडची ब्लूप्रिंट फाइलही केली आहे. तिच्यामुळे काहीही न बसवता ब्राउझरमध्येच मराठी वर्डप्रेस या थीमसह उघडतं. ज्यांच्याकडे जुने अँड्रॉइड फोन आहेत त्यांनी त्यात नवीन पेज काढून पाहावं, पॅटर्नची खिडकी नीट उघडते का आणि फिकट प्रश्न वाचता येतात का, एवढं कळवावं. स्क्रीनशॉटबरोबर फोनचं मॉडेल आणि ब्राउझरची आवृत्ती दिलीत तर दुरुस्ती लवकर होईल.