झोपेतून उठल्यावरचे दचके

जत तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मुलांच्या वाढीची मोजमापं चालू होती. वजन-उंची अंगणवाडीताई नीट घेतात. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून लांबी मोजायची, एकानं डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ करायचे, हे त्यांना पाठ आहे. डोक्याचा घेर मात्र राहून जातो, कारण तो कुणी मागतच नाही.

सात महिन्यांच्या एका मुलाचा घेर भरला 41 सें.मी. न ताणणारी टेप, पुढून भुवयांच्या वर, मागून डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांची मधली रेषा 44 वर आहे, आणि 41.5 च्या खाली गेलं की कारण शोधायलाच हवं. वजन बरं होतं. अंग भरत होतं, डोकं वाढत नव्हतं.

बाळ हसतं का, असं आईला विचारलं. "आधी हसायचं. आता बघतच न्हाई आमच्याकडं." या उत्तरानं माझ्या पोटात गोळा आला. आलेलं हसू जाणं ही साधी गोष्ट नसते. आजी म्हणाल्या, "दचकतंय नुसतं. पोटात कळ येतीया. ग्राइप वॉटर चालू हाय."

बाळ झोपलं होतं, म्हणून ते उठेपर्यंत थांबलो. डोळे उघडले आणि थोड्याच वेळात मान पुढं झुकली, दोन्ही हात फाकले, गुडघे पोटाशी आले. सेकंद-दोन सेकंद. मग अंग सैल. दहाएक सेकंदांनी पुन्हा हुबेहूब तसंच, आणि पुन्हा. मालिका संपल्यावर ते रडलं. आईच्याच मोबाइलवर चित्रण करून घेतलं: उजेडात, दुपटं काढून, सगळं अंग दिसेल असं. तपासणीच्या खोलीत हे झटके बरेचदा येत नाहीत, तेव्हा हे चित्रणच बोलतं.

लहान बाळ दचकतं ते आवाजानं किंवा मान एकदम सुटल्यानं, आणि ते दचकणं चार-सहा महिन्यांत जातं. पोटदुखीचं रडणंही साधारण त्याच सुमारास ओसरतं. हे झटके नेमके तेव्हाच सुरू होतात, बहुधा तीन ते सात महिन्यांत. कारण नसताना, रांगेनं, झोपेतून उठताना. वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी 1841 मध्ये स्वतःच्या मुलाचे असेच झटके लिहून ठेवले, म्हणून मेंदूतून येणाऱ्या या आकडीच्या आजाराला वेस्ट सिंड्रोम हे त्यांचं नाव आहे. हातपाय ताठ होऊन तोंडाला फेस येणारी आकडी घरचे लगेच ओळखतात. ही आकडी वाटतच नाही, आणि तिथंच आठवडे वाया जातात.

जन्माची फाइल पाहिली. वजन 2.1 किलो, बाळ दूध ओढत नव्हतं, दुसऱ्या दिवशी रक्तातली साखर फार खाली. नवजात बाळाची साखर अशी पडली की मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग जास्त दुखावतो. बाळ नजर न देण्यामागं तेही असू शकतं. कमी वजनाच्या बाळाला पहिल्या तासात दूध, मग दर दोन-तीन तासांनी, आणि पहिले दोन-तीन दिवस साखरेवर लक्ष, एवढं झालं तर यातलं बरंच टळतं. मला याचीच सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

मिरजेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढायचं ठरलं. आजींना बजावलं की टाळूला तेल घालायचं नाही, डोकं धुऊन आणायचं. तेलावर तारा चिकटत नाहीत. बाळाला येताना गाडीत झोपू द्यायचं नाही, दूध तिथंच पाजायचं. जागेपणी, झोपेत आणि उठताना, तिन्ही वेळची नोंद हवी. झोप नसलेला ईईजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. इथं आलेखातला बिघाड उघडच होता: उंचच उंच, एकमेकींशी मेळ नसलेल्या लाटा.

औषध प्रेडनिसोलोन, हे स्टेरॉइड आहे, 10 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दोन आठवडे. आठवड्यात झटके थांबले नाहीत तर डोस 20 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. नंतर हळूहळू उतरवायचं. एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. बाळ चिडचिडं होतं, भूक वाढते, चेहरा गोल होतो. "गुटगुटीत झालं" म्हणून घरचे खूश होतात, पण रक्तदाब मोजत राहायचा. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. क्षयरोगाची चौकशी औषधाआधीच करायची.

दुसऱ्या आठवड्यात झटके थांबले. दोन आठवड्यांनी झोपेतला ईईजी पुन्हा काढला, कारण झटके दिसेनासे होऊनही आलेख बिघडलेला राहू शकतो. तो सुधारला होता. डोळ्यांची तपासणी आणि फिजिओथेरपी झटके थांबायची वाट न बघता सुरू केली होती. आशाताईंच्या वहीत एक नोंद करून घेतली: नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूची आहे, तेव्हा स्टेरॉइड संपून महिना झाल्यावरच, डॉक्टरांना विचारून द्यायची, आणि विसरायची नाही.