हा मघाशी स्ट्राइक होता

क्रीडाशिक्षक म्हणून वीस वर्षं झाली, त्यातली बारा सॉफ्टबॉलची पंचगिरी करण्यात गेली. आरडाओरडा अंगवळणी पडलाय. पालक, प्रशिक्षक, कुंपणाला लटकलेली पोरं, सगळ्यांनाच त्यांच्या जागेवरून स्ट्राइक झोन (चेंडू ज्यातून गेला की स्ट्राइक, नाहीतर बॉल, ती बॅटरसमोरची अदृश्य चौकट) माझ्यापेक्षा स्पष्ट दिसतो. पण त्या दिवशी माझ्याशी बोललेली मुलगी ओरडली नव्हती. तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

जळगावातली विभागीय शालेय स्पर्धा, 14 वर्षांखालील मुली, उपांत्य सामना. ऑक्टोबरचं ऊन. सकाळपासून प्लेटमागचा, म्हणजे बॅटर उभी राहते त्या पाटीमागचा, माझा हा तिसरा सामना. खरं तर दोन झाले की माणूस बदलायला हवा, पण नेमलेल्यांपैकी एक पंच आलाच नव्हता. मास्क आणि छातीचं पॅड घालून उन्हात दर चेंडूला वाकायचं, उठायचं. एका सामन्यात दोनशेच्या आसपास बैठका सहज होतात.

सामन्याआधी दोन्ही प्रशिक्षकांना मी नेहमीचंच सांगितलं: काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत, आणि प्लेटच्या कडेला चेंडूचा नुसता काठ चाटून गेला तरी स्ट्राइक. प्लेट 17 इंच रुंद. चेंडूचा घेर 12 इंच, म्हणजे व्यास पावणेचार इंचांच्या जरा वर. दोन्ही बाजूंनी काठ धरला की झोन चोवीस इंचांच्या पुढे जातो. हे सांगितलं की प्रशिक्षक खूश होतात, कारण या वयोगटात खरी भीती वॉकची. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, हात अजून बसलेला नसतो. पंचाने झोन आवळला तर चार-चार बॉलवर मुली नुसत्या चालत बेसवर जातात आणि कुणालाच सॉफ्टबॉल खेळायला मिळत नाही.

रुंदी सगळ्यांना सारखी. उंचीचं मात्र तसं नाही. पिवळ्या संघाची पहिली बॅटर जवळजवळ माझ्या खांद्याला लागणारी. निळ्यांची नववी बॅटर इतकी बुटकी की हेल्मेट तिच्या नाकावर येत होतं. एकीच्या मांडीला लागणारा चेंडू दुसरीच्या पोटाला लागतो. त्यामुळे कुंपणापलीकडून ‘मघाशी तिथेच स्ट्राइक दिला होता!’ असं कुणी ओरडलं, की बहुतेक वेळा तो चूकच असतो. झोन हवेत टांगलेला नसतो, तो बॅटरबरोबर येतो आणि तिच्याबरोबर जातो. आणि तो मोजायचा तिच्या नेहमीच्या उभं राहण्यावरून. मुद्दाम उकिडवं बसून कुणी तो लहान करू शकत नाही.

पिवळ्यांची पिचर हळू टाकायची, पण जागेवर. तिचा चेंडू उतरत यायचा: प्लेटवरून जाताना गुडघ्याला, आणि कॅचरच्या हातात पोचेपर्यंत नडगीच्याही खाली. असा चेंडू ग्लोव्हकडे बघून ठरवला की हमखास बॉल दिला जातो. पहिल्या तीन इनिंग मी तो प्लेटवरच पाहिला, आणि बाहेरच्या कोपऱ्यावरचा, गुडघ्यालगतचा तो चेंडू दर वेळी स्ट्राइक दिला. कॅचरने हे बरोबर हेरलं. दोन स्ट्राइक झाले की ती तिथेच ग्लोव्ह मांडून बसायची. बारा-तेरा वर्षांची पोर, पण पंच वाचत होती.

शेवटची इनिंग. पिवळे एका धावेने पुढे. दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले, आणि स्लगर, म्हणजे बॅट, घेऊन आली ती निळ्यांची नववी. तीन बॉल, दोन स्ट्राइक. तिचे ओठ थरथरत होते. हेल्मेट सावरायला तिने वेळ मागितला, तेव्हा हातमोजा डोळ्यांवरून फिरवला. तेवढं मी पाहिलं. पाहायला नको होतं.

चेंडू आला. बाहेरचा कोपरा, गुडघा. कॅचरने ग्लोव्ह जराही न हलवता घेतला.

‘बॉल!’

माझाच आवाज. उजवा हात वर गेलाच नाही. तिसऱ्या बेसवरची धावत घरी आली, बरोबरी झाली, निळ्यांच्या बाकावर दंगा. कॅचरने चेंडू पिचरकडे परत टाकला आणि पुढेच बघत, फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, ‘सर, हा मघाशी स्ट्राइक होता.’

होता. तिसरा स्ट्राइक म्हणजे बाद, तिथेच सामना संपला होता.

बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर प्रोटेस्ट चालत नाही, आणि प्रेक्षकांना तर तो चेंडू खालीच वाटला असणार. म्हणजे चूक आम्हा दोघांनाच माहीत. मी म्हणालो, ‘खेळ बाळा.’ दुसरं काय बोलणार?

लगेच पुढचा चेंडू बाहेर, चांगला वीतभर बाहेर. आणि खोटं कशाला बोलू, हात उचलावासा वाटला. एकाचं काढलं, त्याला परत द्यावं. हा मोह प्रत्येक पंचाला होतो. पण मग एका चुकीच्या दोन चुका झाल्या असत्या, आणि दुसरी जाणूनबुजून. बॉल दिला. त्याच्या पुढच्या चेंडूवर निळ्यांनी शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेसच्या मधून फटका काढला. संपलं.

बेसवर पंच म्हणून अण्णा होते, माझ्याहून बरेच सीनियर. पाण्याच्या टाकीपाशी मला म्हणाले, ‘तिसऱ्या इनिंगनंतर तू उभा राहायला लागलास रे. गुडघे दुखत होते ना?’ दुखतच होते. डोकं झोनच्या वरच्या कडेला, बॅटर आणि कॅचरच्या मधल्या फटीत हवं, आणि ते दर चेंडूला तिथेच हवं. मी टेकीला आलो होतो. वरून पाहिलं की गुडघ्याची रेघ फसते, त्यात बाहेरचा कोपरा आधीच लांब. स्कोअरशीट काढून पाहिलं तर पहिल्या तीन इनिंगमध्ये पिवळ्यांच्या पिचरचे दोन वॉक, त्यानंतर पाच. तिचा हात गेला नव्हता, माझे गुडघे गेले होते.

अण्णांना हे पटवून मी सुटलो असतो. पण त्या एका चेंडूला गुडघे जबाबदार नव्हते. मोठ्या बेसबॉलच्या आकडेवारीतही दिसून आलंय, की तीन बॉल झाले की पंचांचा झोन फुगतो आणि दोन स्ट्राइक झाले की आक्रसतो. शेवटचा घाव आपल्या हातून नको असतो. मला रडवेल्या पोरीला बाद करायचं नव्हतं. न रडणारी माझ्या पुढ्यात बसली होती, ती मला पाठमोरी होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याला प्लेटमागे पुन्हा मीच. रात्री गुडघ्यांना तेल चोळलं होतं. फक्कीने बॅटरचा चौकोन आखून झाल्यावर मी कुणी येण्याआधी तिथे दोन-तीनदा वाकून पाहिलं.

ती आली, ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणाली, मास्क ओढला. पहिल्याच चेंडूला ग्लोव्ह मांडला तो त्याच कोपऱ्यावर. मला तपासत होती. चेंडू आला, उतरत, आणि या वेळी गुडघ्याच्या इंचभर खालून गेला.

‘बॉल.’

ती काही बोलली नाही. चेंडू पिचरकडे टाकला, आणि ग्लोव्ह पुन्हा तिथेच मांडला.