रातथारा पाहायला जाताना वारा बघून जा

माळभिंगऱ्या म्हणजे उडता उडता किडे टिपणारी छोटी पाखरं. त्यांच्या स्थलांतराचे दिवस आहेत म्हणून त्यांचा रातथारा, म्हणजे रात्री थव्याने झोपायची जागा, पाहायला एका तळ्यावर मुक्कामी जाऊन आलो. काठाला पाणकणसाचं दाट बेट. पोचलो ती संध्याकाळ निरभ्र, वारा नावालाच. सूर्य बुडाला तरी थवा वरच घिरट्या घालत होता. अंधार दाटायच्या बेताला सगळ्या भराभर उतरल्या आणि कणसांच्या शेंड्यांवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि सगळा नूरच पालटला. पाखरांचं घड्याळ म्हणजे उजेड. तो लवकर सरला, तशा त्याही दिवस बुडायच्या आधीच परतल्या. आदल्या दिवशीचा उघडा काठ सोडून त्यांनी बांधाच्या आडोशाची बाजू धरली आणि शेंडे टाळून खाली पात्यांमध्ये शिरल्या. एकीवर बराच वेळ दुर्बीण लावून होतो. झोत आला की पातं वाकायचं, ती अर्धे पंख उघडून तोल सावरायची आणि पुन्हा वाऱ्याकडे तोंड करून बसायची. असं बसलं की पिसं अंगाला चिकटून राहतात. वारा मागून आला तर ती उलटतात आणि आतली ऊब निघून जाते. मला तरी ही वादळी संध्याकाळच जास्त मोलाची वाटली.

जाणार असाल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, ढगाळ असेल तर आणखी लवकर. आसपासच्या तारांवर नजर ठेवा, उतरण्याआधी त्या तिथे जमतात. वारा असेल तर आडोशाची बाजू शोधा, पण बेटापासून लांबच थांबा. विजेरी आणि फ्लॅश अजिबात नको. भिजलेलं पाखरू अंधारात उठवलं, तर रात्र काढायला राखलेली ताकद नवा आसरा शोधण्यातच संपते. माळावर भोवत्या, म्हणजे गवताळ रानातले शिकारी पक्षी, पाहणार असाल तर गवतात पाऊलही टाकू नका, त्या जमिनीवरच रात्र काढतात. पहाटे धुकं असलं तर घाई नको, थवा उशिरा उठतो.

पाऊस लागून राहिला की हवेत किडे कमी होतात, थवे अडकून पडतात आणि रातथाऱ्यावर गर्दी वाढत जाते. उघडीप होऊन पाठीमागून वारा मिळाला की सकाळीच निघून जातात, संध्याकाळी बेट ओस दिसू शकतं. म्हणून हवामानाचा अंदाज बघा आणि उघडीप होण्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे हजर राहा.