मेलेला अँटिव्हायरस

जुलैत बाबांनी आयकराचं रिटर्न भरलं आणि आठवड्याभरात ‘तुमचा परतावा अडकला आहे’ असा मेल आला. वेळ इतकी बरोबर की त्यांना संशय आला नाही. लिंकवरून झिप फाइल उतरली, तिचा पासवर्ड मेलमध्येच दिलेला. बाबांना वाटलं, केवढी काळजी घेतात! तो पासवर्ड असतो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. आतल्या फाइलचं नाव पीडीएफवर संपत होतं, पण विंडोज शेवटचं एक्स्टेंशन लपवून ठेवतं. खरं शेपूट होतं ‘ईएक्सई’, म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम. दोनदा क्लिक करूनही काही उघडेना, तेव्हा मला फोन.

वायफाय बंद केलं, बँकेचे आणि जीमेलचे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले. त्याच कॉम्प्युटरवरून बदलले तर नवा पासवर्डही चोराच्याच हातात. पैसे गेले नव्हते. गेले असते तर सगळं सोडून आधी 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावला असता.

आता स्कॅन. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, असतो, फुकट असतो, पुरेसा असतो. पण तो बंद! कारण लॅपटॉपबरोबर आलेला एका कंपनीचा अँटिव्हायरस. त्याची मुदत संपून वर्ष झालेलं, तरी दारात आडवा पडलेला. स्वतः राखण करेना, दुसऱ्याला करू देईना. अनइन्स्टॉल दाबलं की हिरवी पट्टी शेवटापर्यंत जायची आणि ‘एरर’ म्हणून मागे फिरायची. पाच वेळा.

हेल्पलाइन लावली. (नंबर सॉफ्टवेअरमध्येच दिलेला घ्या. गुगलवर शोधू नका. तिथे खोटे हेल्पलाइनवाले बसलेले असतात, पहिल्याच वाक्यात एनीडेस्क, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर दुरून चालवू देणारं अ‍ॅप, टाकायला सांगतात.) पाऊण तास सनई ऐकली. मग एक मुलगा आला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, तुमचं लायसन्स संपलंय, सपोर्ट मिळणार नाही. आधी रिन्यू करा.’’

‘‘अहो, मला ते काढायचंय.’’

‘‘हो, रिन्यू केलंत की काढून देऊ.’’

मी हसले, तो हसला नाही. भांडून तिकीट, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतलं. ‘72 तासांत उत्तर येईल.’ तीन दिवस बाबा त्या लॅपटॉपकडे घरात साप शिरल्यासारखं बघत होते. चौथ्या दिवशी उत्तर आलं: कृपया कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा. तेच, जे होत नाही म्हणून मी तिकीट काढलं होतं.

संतापात त्यांची वेबसाइट खालपर्यंत धुंडाळली, तर तळाशी एक छोटी लिंक: रिमूव्हल टूल. अशी टूल्स बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या ठेवतात, विकायच्या पानावर ती दिसत नाहीत एवढंच. माझ्या लॅपटॉपवर उतरवलं, पेनड्राइव्हने नेलं, शिफ्ट दाबून रीस्टार्ट करत सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू करून, चालवलं. मध्येच लॅपटॉपने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लागलेल्या कुलपाची, रिकव्हरी की मागितली, तेव्हा पुन्हा घाम फुटला. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आजच कागदावर उतरवून ठेवा.

चार मिनिटांत अँटिव्हायरस गेला. चार दिवस कशासाठी घालवले मी?

मग डिफेंडर चालू झाला, ऑफलाइन स्कॅन लावला. हा विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो, म्हणून लपलेलं सापडतं. सापडला, ट्रोजनच होता, म्हणजे साध्या फाइलच्या वेषात शिरलेला व्हायरस, काढला.

हो, जीमेलचं सांगायचं राहिलं. सगळी डिव्हाइस लॉगआउट करा, आणि सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग व फिल्टर उघडून बघा. चोर तिथे स्वतःचा पत्ता घालून ठेवतात, मग पासवर्ड बदलूनही तुमचे मेल त्यांना जात राहतात. आणि आयकराचा परतावा थेट पोर्टलवर दिलेल्या बँक खात्यात जमा होतो, त्यासाठी झिप उघडावी लागत नाही.

आठवड्याभराने कंपनीचा मेल आला: ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे! आजच रिन्यू करा.’ बाबांनी तो फसवा समजून स्पॅममध्ये टाकला. मी तिथेच राहू दिला.