मराया बेटावरचे एक घर

टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रायाबन्ना गावातून सुटलेली फेरीबोट अर्ध्या-पाऊण तासात मराया बेटाला लागते. (तिकीट मागताना मी ‘मारिया’ म्हणाले आणि खिडकीतल्या बाईंनी हसून उच्चार सुधारला.) बेटावर दुकान नाही, डार्लिंग्टन या जुन्या कैदी-वसाहतीच्या विटांच्या इमारतींभोवती वॉम्बॅट निवांत चरत असतात. विल्यम स्मिथ ओब्रायन यांना ज्या घरात एकटे ठेवले होते, ते पाहायला मी आले होते.

ओब्रायन हे आयर्लंडमधील क्लेअर परगण्यातल्या ड्रोमोलंड गढीतले जमीनदार, प्रोटेस्टंट आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य. दुष्काळाने देश पोखरला असताना, जुलै १८४८ मध्ये, बॅलिंगॅरी येथे त्यांनी केलेला उठाव एका विधवेच्या घरात आसरा घेतलेल्या पोलिसांसमोर विरून गेला. क्लॉनमेलच्या न्यायालयाने त्यांना फाशी देऊन देहाचे चार तुकडे करण्याची शिक्षा सुनावली. सरकारने ती बदलून काळे पाणी दिले, तर ‘आमच्या संमतीवाचून ही अदलाबदल करता येत नाही’ असा कायद्याचा मुद्दा कैद्यांनीच काढला! त्यावर संसदेला १८४९ मध्ये खास कायदा करावा लागला.

त्यांना होबार्टला आणल्यावर ‘तिकीट ऑफ लीव्ह’, म्हणजे नेमून दिलेल्या जिल्ह्यात मोकळे राहण्याचा परवाना, देऊ केला गेला. अट एवढीच की पळून जाणार नाही असा शब्द द्यायचा. सोबतच्या बहुतेकांनी तो दिला. ओब्रायन यांनी दिला नाही, म्हणून त्यांची रवानगी मराया बेटावर झाली. मला हा हट्ट वाटत नाही. पळायचे मनात असलेल्या माणसाने शब्द कसा द्यावा? ऑगस्ट १८५० मध्ये त्यांनी गलबतातून पळण्याचा प्रयत्न केलाही, पण ते किनाऱ्यावरच पकडले गेले. त्या घराबाहेर उभे राहिले, तेव्हा समोरची सामुद्रधुनी मला फारशी रुंद वाटली नाही.

दोन दिवसांनी पोर्ट आर्थर या टास्मानियातल्याच कैदी-वसाहतीत त्यांना नंतर ठेवले होते ते दुसरे घर पाहिले. ते मुळात घोड्यांचा तबेला होते. तिथेच, नोव्हेंबर १८५० मध्ये, त्यांनी अखेर शब्द दिला आणि न्यू नॉरफोकला राहायला गेले. त्यांच्यासारखेच शिक्षा भोगणारे आयरिश बंडखोर मॅकमॅनस, मीगर आणि मिचेल एकेक करून अमेरिकेला निसटले. ओब्रायन मात्र १८५४ मध्ये माफी मिळेपर्यंत टास्मानियातच राहिले.