कूलर सुरूच राहू दे

मँचेस्टरला डॉक्युमेंटरी शिकायला निघाले तेव्हा नागपुरात भेटेल तो एकच विचारायचा, कॅमेरा कोणता घेतेस? इथे आल्यावर आधी हातात पडले ते हेडफोन आणि रेकॉर्डर. चित्र थोडं हललं, जरा अंधारलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो, पण आवाज फाटला की तो उठून जातो, हे सुरुवातीलाच बजावतात. आता वर्ष संपत आलंय. माझी पदवीची फिल्म नागपूरच्या एका जुन्या गिरणी कामगाराची आहे आणि ती अख्खी आवाजावर उभी आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी अभ्यासक्रमाबद्दल थोडं, कारण ते नेहमी विचारलं जातं. मी मँचेस्टर विद्यापीठाच्या ग्रॅनाडा सेंटर फॉर व्हिज्युअल अँथ्रोपॉलॉजीमध्ये, म्हणजे दृश्य मानवशास्त्राच्या केंद्रात, एम.ए. करतेय. ग्रॅनाडा टेलिव्हिजन या ब्रिटिश टीव्ही कंपनीच्या पाठबळावर १९८७ साली हे केंद्र सुरू झालं. ब्रिटनमध्ये एम.ए. बहुतेक ठिकाणी एका वर्षात संपतं. बीकन्सफील्डच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलचा डॉक्युमेंटरी दिग्दर्शनाचा कोर्स मात्र दोन वर्षांचा आहे. तिथे मोठी टीम घेऊन काम होतं, आमच्याकडे कॅमेरा, आवाज आणि एडिटिंग जवळजवळ एकटीनंच निभवायचं असतं. माणसांच्या घरात जाऊन, त्यांच्या दिवसाला धक्का न लावता चित्रीकरण करायचं, तर माणसं कमीच हवीत.

आवाजावर एवढा भर का, ते इतिहास शिकताना कळलं. आपल्याकडे १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं आणि पुढे कित्येक वर्षं थिएटरात सिनेमाआधी त्यांचे माहितीपट दाखवले जायचे. माझ्या बाबांच्या पिढीला त्यातला तो भारदस्त निवेदक अजून आठवतो. पडद्यावर शेतकरी दिसायचा, पण बोलायचा निवेदक. मला वाटायचं, सरकारी खातं म्हणून असं असेल. तेही खरं आहे, पण एक कारण साधं यंत्राचं होतं. चित्र आणि आवाज जुळवून एकत्र टिपणारी यंत्रणा इतकी अवजड होती की ती शेतात, गल्लीत नेणं जवळजवळ अशक्य होतं. १९६० च्या सुमारास खांद्यावर घेता येणारे १६ एमएम कॅमेरे आणि गळ्यात अडकवता येणारे नाग्रा टेपरेकॉर्डर एकत्र आले, तेव्हा कुठे पडद्यावरची माणसं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या स्वयंपाकघरात बोलू लागली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या गावातल्या किती माणसांचे चेहरे कुठल्या कुठल्या रिळांत असतील, आणि आवाज एकाचाही नाही!

फिल्मचा विषय मात्र शोधावा लागला नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या, गिरण्या उपाशी पडल्या आणि इथल्या व्यापाऱ्यांनी वऱ्हाडाकडे नजर वळवली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. जमशेटजी टाटा लँकेशायरचा गिरणीधंदा पाहून गेले आणि १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. आज तिथे मॉल आहे. मँचेस्टरमध्येही अँकोट्सच्या जुन्या गिरण्यांत आता महागडे फ्लॅट आहेत. लाल विटांच्या त्या भिंतींजवळून जाताना मला दर वेळी नागपूरच्या गांधीसागर तलावाचा रस्ता आठवतो.

मँचेस्टर शहराबाहेर स्टायलला क्वारी बँक नावाची १७८४ सालची गिरणी जपून ठेवली आहे. तिथे पाहुण्यांसाठी जुने माग चालवून दाखवतात. एकच माग सुरू झाला तरी पायाखालची फळी थरथरते. शेकडो माग एकदम चालत तेव्हा बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून लँकेशायरच्या विणकर बायका ओठ ठळक हलवून, हातवारे करून बोलायच्या आणि समोरची ओठांवरून ओळखायची. मी तिथला आवाज रेकॉर्ड केला आणि तो घेऊन नागपूरला आले.

शहरातल्या एका मिलमध्ये आयुष्य घालवलेले एक काका माझ्या फिल्मच्या मध्यभागी आहेत. त्यांचं नाव इथे देत नाही, फिल्ममध्येही नाही. विद्यापीठाची नियमावली कडक असते. ज्याचं चित्रीकरण करायचं त्याला त्याच्या भाषेत सगळं समजावून सांगायचं, संमती घ्यायची, आणि नको वाटलं तर तो कधीही माघार घेऊ शकतो हेही सांगायचं. मी मराठीत छान पत्रक तयार करून नेलं. काकांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, ‘‘कागदावर सही म्हटली का माह्या पोटात गोळा येते पोरी. तोंडी विचार, तोंडी सांगतो.’’ तोंडी संमती रेकॉर्ड करून घेण्याची मुभा असते, तशी घेतली. त्या संमतीत त्यांनी स्वतःहून एक अट घातली: बायकोला न दाखवता कुठे दाखवायची नाही. माझ्या पत्रकात ही अट नव्हती. असायला हवी होती असं आता वाटतं, कारण घर तिचंही आहे.

चित्रीकरण जूनच्या सुरुवातीला, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, नुकताच सरलेला. खोली दहा बाय दहाची, खिडकीत कूलर. नागपूरकरांना कूलरचं वर्णन करून सांगायला नको. पाण्याचा पंप, घरघरणारा पंखा, ओल्या गवताचा वास आणि मधूनच पत्र्याचा तो खडखडाट. हेडफोन लावले तर काकांच्या आवाजाच्या दुप्पट कूलर. मँचेस्टरला वर्गात शिकवलेलं होतं की फ्रीज, पंखा, जे जे आवाज करतं ते आधी बंद करा. मी बटणाकडे हात नेला तर काकू म्हणाल्या, ‘‘नोको बंद करू वो बाई, यायले घेरी येते.’’

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला माझ्या स्वच्छ आवाजासाठी घामानं निथळत बसवायचं? मी कूलर सुरूच ठेवला. कॉलर माईक काकांच्या छातीशी जवळ लावला, त्यांना कूलरकडे पाठ करून बसवलं आणि खोलीत कुणीच बोलत नसताना नुसत्या कूलरचा आवाज वेगळा टिपून घेतला, म्हणजे एडिटिंगमध्ये जोड कळत नाही. इथे पहिला कच्चा कट दाखवला तेव्हा वर्गातल्या कुणीतरी विचारलंच की ही घरघर काढता नाही का येणार? काढता येते, त्याचं सॉफ्टवेअर आहे. पण काढली तर ती खोली नागपूरची राहत नाही. माझ्या मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, ‘‘शब्द कळतात ना?’’ कळतात. विषय संपला.

खरा पेच मॉलच्या दृश्याचा होता. रस्त्यावरून घेतलेलं दृश्य, रिक्षा, दुचाक्या, आत जाणारी पोरं. त्याखाली क्वारी बँकच्या मागांचा खडखडाट टाकला तर अंगावर काटा येईल, असं वर्गात बऱ्याच जणांचं मत होतं. असं करणं काही नवीन नाही. वन्यजीवांच्या फिल्ममध्ये पक्ष्याच्या पंखांची फडफड कित्येकदा स्टुडिओत बनवलेली असते. मला मात्र आधी काकांचं मत हवं होतं. चित्रीकरणाच्या वेळीच मी तो आवाज हेडफोनवर त्यांना ऐकवला होता. त्यांनी डोळे मिटून ऐकला, मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

‘‘हे लूम होय. आपण रिंग खात्यातले. लूम ठोकते, रिंग गाते.’’

आणि मग त्यांनी रिंगचा, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्राचा, आवाज तोंडानं काढून दाखवला. दात मिटून, जीभ टाळूला लावून एक बारीक, सलग सूर, त्यात श्वास कुठे घेतला ते कळत नाही. तो चालू असतानाच उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीनं हवेत सूत धरलं, पीळ दिला, जोडलं आणि पुढच्या चातीकडे सरकले. तुटलेलं सूत मशीन न थांबवता कसं जोडायचे ते दाखवत होते. बोटं इतक्या झपाट्यानं चालली की कॅमेऱ्यात पहिल्या दोन वेळा फोकसच बसला नाही. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, झोपेतही असेच हात हलतात.

मॉलच्या दृश्यावर आता काकांच्या तोंडचा तो सूर आहे, रहदारीच्या आवाजात मिसळलेला. इंग्लंडमधल्या मागाचा खडखडाट फक्त एकाच जागी ठेवलाय, काका तो ऐकताहेत तिथे. फिल्ममधला आवाज खरा की खोटा याचा निवाडा ज्याचं आयुष्य त्या आवाजात गेलं त्यानं करावा, या मतावर मी ठाम आहे. त्यासाठी गुण गेले तरी चालतील.

आता काम उरलंय ते वेगळंच. गिरणीतल्या सततच्या आवाजानं कान जातात, आणि आधी जातात ते उंच पट्टीचे सूर, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. मराठीतली स, श, च ही व्यंजनं अशा माणसांना नीट ऐकू येत नाहीत. काकांचं तेच झालंय, त्यांच्या बहुतेक सोबत्यांचंही. विद्यापीठाला इंग्रजी सबटायटल्स पुरेत. पण पहिला खेळ वस्तीतल्या समाजमंदिरात व्हायचा आहे आणि समोर ही मंडळी बसणार आहेत. त्यामुळे मराठी फिल्मला मराठीच सबटायटल्स करतेय, मोठ्या ठळक अक्षरांत, एका वेळी एकच ओळ, वाचायला पुरेसा वेळ देऊन. वऱ्हाडी बोलणं जसं बोललंय तसंच लिहितेय. पहिला मसुदा काकूंना फोनवर पाठवलाय, दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्त्याही कळवल्या आहेत.