रक्त थांबलं, माज नाही

माजाचं, म्हणजे मादी नराला जवळ करते त्या काळाचं, सगळं ज्ञान गाईवरून आलेल्या घरात कुत्रीचा पहिला माज समजावून सांगणं फार अवघड जातं. कोकणात बऱ्याच घरांत अजून गोठा आहे, निदान काल-परवापर्यंत होता. गाईचा माज जेमतेम दिवसभराचा. ती हंबरते, सोट म्हणजे चिकट स्राव टाकते, दुसऱ्या गाईवर चढते, आणि माज उतरून एक-दोन दिवस झाले की शेपटीला थोडं रक्त दिसतं. ते रक्त पाहिलं की जुनी माणसं म्हणतात, वेळ गेली, आता २१ दिवसांनी बघू. गाईच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. कुत्रीत मात्र क्रम उलटा असतो. रक्त आधी येतं, आणि ते फिकट होत थांबायला लागतं तेव्हा कुठे ती नराला उभी राहते. ज्या दिवशी घरातले सुटकेचा श्वास टाकतात, नेमका तिथून धोका सुरू होतो.

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीतली लॅब्रडॉरची केस गणपतीपासून माझ्या डोक्यातून जात नाही. ब्राउनी तिचं नाव. वय नऊ महिने, वजन २२ किलो. मुलाने मुंबईहून आणली आणि गावी आई-वडिलांकडे ठेवली, तिथे सून तिचं सगळं पाहते. श्रावणाच्या सुरुवातीला लादीवर रक्ताचे थेंब दिसले, आणि काच लागली असेल म्हणून तिला माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं. निरण, म्हणजे योनीचं बाहेरचं तोंड, सुजलेलं, स्राव लालभडक, हात लावताच शेपूट खाली दाबून बसत होती. माजाची पहिली अवस्था. या अवस्थेत नर गोळा होतात, पण मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. ती सरासरी नऊ दिवस चालते, पुढचा खरा माज पुन्हा सुमारे नऊ दिवस. मात्र दोन्ही तीन दिवसांचेही असू शकतात आणि तीन आठवड्यांचेही. लोक म्हणतात ते ‘२१ दिवस’ हा फक्त ठोकळ अंदाज आहे.

मी स्लाइड केली, म्हणजे निरणाच्या आतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासल्या. आमच्यातले बरेच जण हे करत नाहीत. नुसतं बघून ‘हीटवर आहे, जपा’ म्हणून पाठवतात, याचा मला राग येतो, कारण या तपासणीला काहीच महागडं लागत नाही. निर्जंतुक कापसाची काडी सलाइनमध्ये भिजवायची, आत जाताना आधी वर, पाठीच्या कण्याच्या दिशेने न्यायची आणि मग पुढे वळवायची. सरळ आत सारली तर ती खालच्या खळग्यात अडकते, कुत्री कळवळते आणि मिळालेल्या पेशीही फसव्या असतात. काचपट्टीवर काडी घासायची नाही, हलकेच लोळवायची. स्लाइड वाळली की रंग द्यायचा आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. सुरुवातीला गोल, मोठ्या केंद्रकाच्या पेशी आणि भरपूर तांबड्या पेशी दिसतात. खऱ्या माजात पेशी वाळलेल्या पानांसारख्या कोनदार होतात, केंद्रक बारीक होतं किंवा दिसेनासं होतं. दहातल्या नऊ पेशी अशा दिसल्या की ती माजात आहे, मग घरच्यांनी दिवस कितीही मोजलेले असोत. ब्राउनीची स्लाइड अजून पहिल्या प्रकारची होती.

घरी काय करायचं ते मी सुनेला कागदावर लिहून दिलं. पहिली गोष्ट म्हणजे दोन दारं. कुत्री आणि रस्ता यांच्यामध्ये कुठल्याही क्षणी दोन बंद दारं हवीत, म्हणजे एक चुकून उघडं राहिलं तरी दुसरं असतं. आपल्याकडचा गडगा, म्हणजे दगडांचं बुटकं कुंपण, कुत्र्याला काहीच नाही, एका उडीत तो आत येतो. पडवीच्या लाकडी रेज्यांमधूनही वाट काढतो. म्हणून पडवी चालणार नाही, मागची खोलीच हवी. साखळीने अंगणात बांधलेली माजावरची कुत्री म्हणजे नराच्या स्वाधीन केलेली कुत्री.

शी-शूला नेताना गळपट्टा पुरत नाही. मागे सरकून ती डोकं सहज काढून घेते, त्यासाठी अंगाला बसणारा हार्नेस हवा. या दिवसांत ती थोडं थोडं, पुन्हा पुन्हा मुतते, कारण त्या वासानेच ती नरांना सांगावा धाडत असते. म्हणून रोज घरामागचा एकच कोपरा ठरवायचा, आणि ती मुतली की लगेच बादलीभर पाणी ओतायचं. जेटीवर किंवा पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, न्यायचं नाही, मासळीवर जगणारी कुत्री तिथे दिवसभर असतात.

लंगोटाबद्दल सगळेच विचारतात. जुन्या सुती कापडाचा, शेपटीसाठी भोक ठेवून शिवलेला लंगोट चांगला, पण त्याने लादी वाचते, कुत्री वाचत नाही. नर तो बाजूला सारतो किंवा ती स्वतः फाडते. दर तीन-चार तासांनी बदलायचा आणि मध्ये काही वेळ मोकळं ठेवायचं. पावसात आपल्याकडे कापड वाळत नाही, दमट लंगोटाखाली कातडी लाल होते, माश्या बसतात आणि एखादी जखम असली तर तिच्यात अळ्या पडतात. साध्या कोमट पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं, लाली दिसली तर खोबरेलाचं बोट फिरवायचं. डेटॉल नको, पावडर नको. दाराबाहेर डांबराच्या गोळ्या टाकायची पद्धत आहे, ती तर अजिबात नको. नराला त्याने काही फरक पडत नाही, आणि गोळी कुत्रीच्या किंवा घरातल्या पोराच्या पोटात गेली तर विषबाधा होते. कापूर आणि विक्सनेही वास झाकला जात नाही.

आणि रोज सकाळी पांढऱ्या कापडाची घडी निरणाला टेकवून बघायची. काही कुत्र्या इतकं चाटून साफ करतात की लादीवर थेंबही पडत नाही. कापडावर मात्र रंग कळतो: लाल, मग गुलाबी, मग गवताच्या काडीसारखा पिवळसर. रंग फिका झाला किंवा थांबला की पुन्हा स्लाइडला आणा, असं मी कागदाच्या शेवटी लिहिलं होतं.

या घराने जेवढं पाळलं तेवढं मी फार थोड्या घरांत पाहिलं आहे. आजींना विटाळामुळे ती आत नको होती, मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, बांधा म्हणत होत्या. सुनेने त्यांना समजावलं, देवघराकडे येऊ देणार नाही असा शब्द दिला आणि तिला मागच्या खोलीत ठेवलं. शिवाशिवीपायी कुत्रीला बाहेर काढणाऱ्या घरांची पिल्लं दरवर्षी पोत्यातून माझ्यापर्यंत येतात, म्हणून या सुनेचं मला कौतुक आहे. आठव्या दिवशी कापड कोरडं आलं. सूज उतरली, गडग्यापलीकडचे नरही पांगले. आजोबांचा फोन आला, “डॉक्टरांनू, रगात थांबला. आता सोडूक हरकत नाय मां?” मी स्लाइडचं पुन्हा सांगितलं आणि तोवर सोडू नका म्हटलं. त्यांनी सोडली नाही. पण सूज नाही, रक्त नाही, नर नाहीत, बाहेर धो धो पाऊस, अशात तपासायचं काय असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी कालनिर्णयवर खुणा करत पुरते २१ दिवस मोजले आणि मगच दार उघडलं.

हा तुटलेला माज होता. कोवळ्या कुत्रीत, त्यातही पहिल्या खेपेला, हे बऱ्यापैकी दिसतं. बीजांडकोशात पुटकुळ्या वाढतात, त्यांच्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक येतं, त्यामुळे सूज आणि रक्त. पण बीज सुटण्यासाठी मेंदूखालच्या ग्रंथीकडून जो संप्रेरकाचा लोंढा यावा लागतो तो येत नाही. पुटकुळ्या जिरतात, इस्ट्रोजेन उतरतं, सगळं शांत होतं. काही आठवड्यांनी नव्या पुटकुळ्या येतात आणि या वेळी बीज सुटतं. हा दुसरा माज पूर्ण फळणारा असतो, आणि त्यात रक्त इतकं कमी असू शकतं की कोणाच्या लक्षातही येत नाही.

ब्राउनीचा दुसरा माज आला गणपतीत. चाकरमान्यांनी घर भरलेलं, दर्शनाला येणाऱ्यांसाठी पुढचं दार सताड उघडं, रात्री भजनं. त्यात भाद्रपद, म्हणजे गावातल्या कुत्र्यांचा मुख्य हंगाम. पाहुण्यांच्या गडबडीत सकाळचं कापड कधीच बंद झालं होतं. भर दुपारी ती घरामागे एका तांबड्या नराबरोबर अडकलेली सापडली.

फोनवर मागचा गलका ऐकू येत होता. कोणी पाणी ओतत होतं, कोणी काठी आणत होतं, दोघे दोन्हीकडून ओढत होते. मी आधी ओढणं थांबवायला सांगितलं. नराच्या लिंगाच्या मुळाशी असलेली गाठ आत फुगते आणि मादीचे स्नायू ती आवळून धरतात. ओढलं तर नराची गाठ फाटते, मादीला आतून जखम होते. शिवाय वीर्यातला शुक्रजंतू असलेला भाग तोवर पडूनही गेलेला असतो, तेव्हा सोडवून गाभण राहणं टळत नाही. तिच्या डोक्याशी ओळखीच्या एकानेच बसावं, हार्नेस धरावा, तिला बसू, लोळू किंवा पळू देऊ नये, बाकीच्यांनी घरात जावं. पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी जास्तही, आणि आपोआप सुटतात. तशीच सुटली.

संध्याकाळी तपासलं तेव्हा आत फाटलेलं नव्हतं. स्लाइडवर जवळजवळ सगळ्या पेशी कोनदार होत्या, मध्ये शुक्रजंतूही दिसले. मानेवर दातांच्या खुणा होत्या. अशा वेळी सगळ्यांचं लक्ष पिल्लांकडे जातं आणि रेबीजचा विचार कोणी करत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायला लावली, लस आधी झालेली असूनही लगेच बूस्टर दिला. पुढचे काही महिने लक्ष ठेवायलाही सांगितलं. माज संपल्यानंतरही निरणातून रक्ताचे थेंब येत राहिले तर संगातून लागणारी गाठ असू शकते. भटक्या कुत्र्यांत ती आपल्याकडे खूप आहे आणि व्हिनक्रिस्टीन या औषधाच्या आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, म्हणून लपवून ठेवू नये.

मग नेहमीची मागणी आली: पाडायचं इंजेक्शन द्या. इस्ट्रोजेनचं ते इंजेक्शन अजूनही काही जण सर्रास देतात. मी देत नाही. त्याने अस्थिमज्जा मरू शकते, म्हणजे रक्तच बनायचं थांबतं, आणि पुढच्या एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. पू झालेली कुत्री खूप पाणी पिते, ओकते, अन्न सोडते. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर पू बाहेरही दिसत नाही आणि ती दगावते. माज पुढे ढकलण्यासाठी औषधाच्या दुकानातून बायकांच्या गोळ्या आणून घालणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. अ‍ॅग्लेप्रिस्टोन हे त्या मानाने सुरक्षित औषध आहे, २४ तासांच्या अंतराने दोनदा देतात, पण तालुक्याच्या दुकानांतून ते मला मिळालेलं नाही.

उरले दोन मार्ग: पिल्लं होऊ देणं, नाहीतर गर्भाशयच काढून टाकणारी नसबंदीची शस्त्रक्रिया. माजातच करायची नाही, तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. आजोबांना पोटातले जीव काढणं पटत नव्हतं. सून म्हणाली, ही स्वतःच अजून पिल्लू आहे. मी माझं मत दिलं, निर्णय त्यांच्यावर सोडला. शेवटी आजोबांनीच आणायला सांगितलं. चार आठवड्यांनी पोट उघडलं तेव्हा गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांवर, म्हणजे फाट्यांवर, मिळून गर्भांच्या सहा गाठी होत्या. गाभणपणात वाहिन्या जाड असतात, प्रत्येक बांध दुहेरी घ्यावा लागला. नंतर थोडं दूध आलं. आचळं दाबून बघू नका, शेकू नका, एवढंच सांगितलं, कारण हाताळलं की दूध वाढतं. ते आपोआप आटलं.

पहिल्या माजाआधीच शस्त्रक्रिया केली असती तर, असं मुलाने मुंबईहून विचारलं. लहान चणीच्या कुत्रीसाठी मी हो म्हटलं असतं, स्तनाच्या गाठींचा धोका तेव्हा सर्वांत कमी राहतो. लॅब्रडॉरसारख्या जातीत मात्र हाडं-सांधे पक्के व्हायला वर्षभर थांबणं बरं, म्हणजे पहिला माज घरातच काढावा लागतो. आणि बाहेर नर आहेतच. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. ती मोहीम या वाडीपर्यंत आलेली मी पाहिलेली नाही.

मला अजून न सुटलेला प्रश्न कागदावरच्या एका ओळीचा आहे. पहिल्या रक्तानंतर तीन महिने जपा असं लिहिलं तर शास्त्राला धरून होईल, पण एवढं कोणी पाळणार नाही, आणि आकडा अशक्य वाटला की माणसं तीन आठवडेही जपत नाहीत. या घरासारखं घर पुन्हा मिळेलच असं नाही. सध्या मी दिवसांचा आकडा काढून टाकला आहे. दार उघडण्याआधी स्लाइड, आणि त्यानंतरही पांढरं कापड रोज सकाळी तीन महिने, चहाच्या आधी. कापड डागाळलं, सूज दिसली, शेपूट एका बाजूला धरायला लागली किंवा गडग्यावर एक जरी नवा नर बसलेला दिसला, तर आधी मागची दोन दारं लावायची आणि मग मला फोन करायचा.